विश्लेषण : विरारच्या पत्त्यांत उरलेल्या 'एचडीआयएल'चं नेमकं काय झालं?

नालासोपाऱ्याहून विरार पश्चिमेला जाताना रिक्षावाल्याला 'एचडीआयएल लेआउट' एवढं सांगितलं तरी पुरतं. पूर्वेला चंदनसारकडे एचडीआयएलचा इंडस्ट्रियल पार्क आहे. कंपनी दिवाळखोरीत गेली, तरी नाव पत्त्यात राहिलं.

राकेशकुमार वाधवान यांच्या कुटुंबाची १९८४ मध्ये सुरू झालेली डीएचएफएल घरांना कर्ज देत होती. घरं बांधणारी एचडीआयएल १९९६ मध्ये आली. मुंबईच्या तुलनेत वसई-विरार पट्ट्यात जागा स्वस्त होती, लोकल थेट चर्चगेटला जात होती. कंपनीने इथे मोठ्या प्रमाणावर जमीन जमवली. २००७ च्या जुलैमध्ये ५०० रुपये दराने समभाग विकून ती बाजारात उतरली.

पैसा कुठून येत होता?

झोपडपट्टी पुनर्वसनातून. झोपडीधारकांना मोफत घर बांधून दिलं की बिल्डरला त्या बदल्यात 'टीडीआर' मिळतो, म्हणजे दुसऱ्या जागी जास्त बांधकाम करण्याचा विकता येणारा हक्क. त्याचा भाव चढा असेल तर नफा भरपूर. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई विमानतळालगतच्या सुमारे ८० हजार झोपड्यांच्या पुनर्वसनाचं काम एचडीआयएलला मिळालं. गंमत अशी, की यात आधी खर्च करायचा आणि कमाई नंतर, तीही बाजारभावाच्या भरवशावर. २००८ च्या मंदीत भाव घसरले. पुनर्वसन रखडलं आणि २०१३ मध्ये करार रद्द झाला. गोरेगावच्या पत्रा चाळीतले ६७२ भाडेकरूही वर्षानुवर्षं घराची वाट पाहत राहिले. तो प्रकल्प याच समूहातल्या कंपनीकडे होता.

कागदावर श्रीमंत, हातात रोकड नाही. जमिनीच्या धंद्यातला हा जुनाच आजार आहे.

मग पीएमसी बँक कशी बुडाली?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये बँक ऑफ इंडियाच्या अर्जावरून एचडीआयएलविरुद्ध दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली. महिनाभरातच, २३ सप्टेंबरला, रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आणले. खातेदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येतील, असा पहिला आदेश होता. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढली. बँकेच्या सुमारे ८,८०० कोटींच्या कर्जांपैकी जवळपास ६,५०० कोटी याच समूहाकडे अडकल्याचं समोर आलं. थकबाकी लपवण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट कर्जखाती दाखवली गेली, असा आरोप आहे. ऑक्टोबरमध्ये राकेश आणि त्यांचे पुत्र सारंग वाधवान यांना अटक झाली.

२५ जानेवारी २०२२ रोजी बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचं संरक्षण होतं. त्यावरची रक्कम मिळवायला किरकोळ ठेवीदारांपुढे १० वर्षांपर्यंतचं वेळापत्रक आलं. निवृत्तीचा पैसा ठेवलेल्या सत्तरीतल्या माणसाने हा हिशेब कसा मांडायचा?

घर घेणाऱ्यांचं काय?

२०१८ च्या दुरुस्तीमुळे फ्लॅटसाठी पैसे भरलेले ग्राहकही दिवाळखोरीत 'वित्तीय धनको' ठरतात. त्यांना प्रतिनिधीमार्फत धनको समितीत मत मिळतं. एचडीआयएलसाठी पुढे प्रकल्पनिहाय बोली मागवल्या गेल्या.

नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीत मात्र हा मार्गही नव्हता. सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी आरक्षित जागेवरच्या ४१ अनधिकृत इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी दिला. रहिवासी सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथेही याचिका फेटाळली गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाडकाम पूर्ण झालं.