पावांची कुळकथा

आमच्या आजीने उभ्या आयुष्यात पाव खाल्ला नाही, आणि दिवसभर तिच्या तोंडी पावच असे. खाल्ला नाही तो बेकरीतला. तोंडी असे तो मापातला. पावशेर दूध, पावशेर तूरडाळ, काढा उकळून पाव भाग उरला की उतरवायचा. तिच्या लहानपणी मुलांना पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करावी लागे. म्हातारपणी माणसांची नावं विसरायला लागली तरी पावकी ती न अडखळता म्हणायची.

बेकरीतल्या पावाला पाव का म्हणतात, असं मी तिला एकदा विचारलं. ‘अरे, पायांनी पीठ तुडवतात ते, म्हणून पाव.’ शेजारच्या काकांचं उत्तर निराळं होतं. लादीतून चार पाव एकत्र तोडून देतात, त्यातला एक म्हणजे पाव, चौथा हिस्सा. दोन्ही उत्तरं मला पटली होती. दोन्ही चूक आहेत हे कळायला बरीच वर्षं लागली. आणि ती दोन्ही चुकीची उत्तरं मुळात एकाच शब्दाकडे जातात, हे कळायला आणखी काही.

तो शब्द म्हणजे संस्कृतातला ‘पाद’. पाद म्हणजे पाय, आणि पाद म्हणजे चौथा भागही. पायाचा आणि चौथ्या भागाचा संबंध काय, तर गोठ्यात उभी असलेली गाय. चार पायांतला एक म्हणजे पाव. श्लोकाच्या चौथ्या हिश्शाला पाद म्हणतात. पाणिनीच्या अष्टाध्यायीत आठ अध्याय, प्रत्येकाचे चार पाद, असे 32 पाद आहेत. पुराणांतला धर्म हा चार पायांचा बैल आहे. सत्ययुगात तो चारही पायांवर उभा असतो, दर युगात एक पाय गमावतो, कलियुगात एकाच पायावर तोल सावरतो. म्हणजे या युगात धर्म पावच उरला आहे, आणि हे वाक्य मराठीत शब्दशः खरं ठरतं.

प्राकृतात दोन स्वरांमधला ‘द’ गळून पडला. कदलीची केळ झाली ती याच वाटेने. ‘पाद’चं ‘पाअ’ झालं. दोन स्वर लागोपाठ म्हणणं जिभेला अवघड, म्हणून मध्ये कुठे ‘य’ आला, कुठे ‘व’. ‘य’ आला तिथे आपला पाय झाला, ‘व’ आला तिथे पाव. पाय आणि पाव ही अशी सख्खी भावंडं. पाऊल त्यांच्यातच वाढलं.

या घरातली बाकीची मुलं मात्र चेहऱ्यावरून ओळखू येत नाहीत. ‘सव्वा’ घ्या. त्यात पाव कुठे दिसतो? पण तो ‘सपाद’ आहे, पावासहित एक. ‘पाऊण’ म्हणजे ‘पादोन’, पावाने उणा. पावणेदोन, पावणेतीन यांतही तोच पादोन. जुन्या हिशेबात पाव लिहिताना नुसता एक उभा दंड काढत, अर्ध्याला दोन, पाऊणला तीन. 3॥ म्हणजे साडेतीन, हे जुन्या पुस्तकांच्या किमतींत अनेकांनी पाहिलं असेल. पावाचा तो एकटा दंड पाहिला की मला दर वेळी एका पायावर उभा असलेला तो बैल आठवतो.

पाव बाजारात जिथे जिथे गेला तिथे टिकला. चार आण्यांच्या नाण्याला पावली म्हणत, रुपयाचा चौथा हिस्सा म्हणून. 80 तोळ्यांचा शेर साधारण 933 ग्रॅमचा, म्हणून पावशेर 233 ग्रॅमच्या आसपास. शेर गेला, किलो आला, आणि पाव 250 ग्रॅमवर जाऊन बसला. 1957 साली दशमान नाणी आली तेव्हा आणे गेले, तरी 25 पैशांचं नाणं ‘चाराणे’ म्हणूनच ओळखलं जात राहिलं. 30 जून 2011पासून ते नाणंही चलनातून बाद झालं. शेजारच्या कन्नडनेही हे माप घेतलं आहे. तिथे तांदूळ मोजायच्या पावशेरी मापाला ‘पावु’ म्हणतात. जुन्या कन्नडमध्ये मात्र ‘पावु’ म्हणजे साप. पुढे कन्नडमधल्या शब्दांच्या आरंभीच्या ‘प’चा ‘ह’ झाला, पालुचं हालु म्हणजे दूध झालं, तसा सापही ‘हावु’ झाला. साप घर सोडून गेला आणि रिकाम्या घरात तांदळाचं माप राहायला आलं.

आता आजीने न खाल्लेला पाव.

तो पोर्तुगीजांबरोबर आला. 1510 साली त्यांनी गोवा घेतला, 1534 साली वसई. त्यांच्या भाषेत भाकरीला ‘पाँउ’ म्हणतात, आणि तो शब्द लॅटिनमधल्या ‘पानिस’चा वंशज आहे. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन भाषांतले पावाचे शब्द त्याच आईचे. गव्हाचं पीठ आपल्याकडे होतंच, पण ते आंबवून भट्टीत फुगवायला यीस्ट नव्हतं. गोव्यात त्यासाठी माडाची सूर वापरली गेली. नारळाच्या पोयीतून ठिबकणारा रस तासाभरात आंबू लागतो, तोच पिठात घातला. युरोपची भाकरी कोकणच्या माडावर अशी फुगली. उंडो, पोळी, कातरो, कांकणां ही तिची गोव्यातली रूपं, आणि ती घरोघर देणारा पोदेर हा पोर्तुगीज ‘पादेइरू’चा, म्हणजे भाकरीवाल्याचा, कोकणी अवतार.

आजीने पाव का खाल्ला नाही, याचं कारण त्या पिढीतल्या अनेकांच्या घरी होतं. पाव म्हणजे बाटण्याचं साधन, ही समजूत. विहिरीत पाव टाकला आणि सगळं गाव बाटलं, अशा गोष्टी कोकणात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. घासाएवढ्या वस्तूने माणसाची जात जाऊ शकते, या भीतीखाली कित्येक माणसं जगली. तिने तो खाल्ला नाही याचं मला वाईट वाटतं. तिच्या घरात बटाट्याची भाजी नित्याची होती, आणि ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगीजच आहे. चावी, पगार, घमेलं, काजू हेही तिकडूनच आले. त्यांच्यामुळे कुणी बाटलं नाही.

पाव पोर्तुगीज आहे हे नुसत्या चवीवरून सांगता येत नाही, त्याला पुरावा लागतो. तो पुरावा एका अगदीच वेगळ्या शब्दात आहे, ‘लिलाव’. पोर्तुगीजमध्ये तो ‘लैलाँउ’. शेवट तोच, ‘आँउ’, आणि मराठीत आल्यावर त्याचंही ‘आव’च झालं. पाँउचा पाव, लैलाँउचा लिलाव. एक भट्टीतून आला, एक बाजारातून, पण दारातून आत येताना दोघांना एकाच कमानीखालून वाकावं लागलं. शब्दांचं नातं असं शोधतात. एक जोडी जुळली तर तो योगायोग असू शकतो. त्याच नियमाने दुसरी जुळली की वंशावळ हाती लागते.

त्या ‘आँउ’ उच्चारात दोन गोष्टी एकदम घडतात. ओठ गोल होतात आणि आवाज नाकातूनही येतो. आपण ओठांचा भाग ठेवला. जपान्यांनी नाकाचा ठेवला, त्यांच्याकडे पावाला ‘पान’ म्हणतात. पोर्तुगीज 1543 साली जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले. 1549 साली फ्रान्सिस झेवियर गोव्याहूनच निघून कागोशिमाला उतरले. म्हणजे जपानी पान आणि मराठी पाव हे एकाच जहाजी मार्गावरचे प्रवासी. जपानमधून तो शब्द कोरियात गेला आणि तिथे ‘प्पांग’ झाला. तोक्योच्या गिंझा भागातल्या किमुराया बेकरीने 1874 साली आत लाल कडधान्याचं गोड सारण भरलेला ‘आनपान’ काढला, पुढच्याच वर्षी तो सम्राट मेइजींना दिला गेला. पीठ फुगवायला त्यांनी काय वापरलं, तर तांदळाचं मद्य करतात ते साके-विरजण. गोव्यात माडाची सूर, जपानात साकेचं विरजण. हा योग मला फार आवडतो. परक्या भाकरीला आपल्या मातीतल्या आंबटपणाची जोड द्यावी, हे दोन्हीकडच्या माणसांना आपापलं सुचलं.

मग चिनी ‘बाओ’ काय? मुंबईच्या हॉटेलांत हल्ली वाफवलेले पांढरे बाओ मिळतात, आणि बाओ म्हणजे पावच, असं ठामपणे सांगणारेही भेटतात. हा गोंधळ समजण्यासारखा आहे, कारण त्यातला पहिला वर्ण आपल्या ‘प’ आणि ‘ब’च्या मधोमध कुठेतरी पडतो. मलेशियात त्याला ‘पाउ’च म्हणतात. पण तिथे मूळ अर्थ आहे गुंडाळणं. सारणाभोवती पीठ गुंडाळलं की बाओ. लॅटिनशी त्याचा काही संबंध नाही.

फिलिपिन्समध्ये हा प्रश्न एकाच दुकानात सोडवायला मिळतो. तिथे सकाळी ‘पानदेसाल’ विकतात आणि वाफवलेला ‘सिओपाव’ही. आपल्या कानाला वाटेल, सिओपाव आपला. तो चीनमधून आलेला परका आहे. आपल्या पावाचा चुलत भाऊ आहे तो पानदेसाल, स्पॅनिश लोकांनी आणलेला, त्याच लॅटिन पानिसचा नातू. सारखा दिसतो तो परका, वेगळा दिसतो तो घरचा. सव्वा आणि पाऊण यांच्याबाबतीत मराठीतही हेच झालं.

लॅटिनने तर या ध्वनीची चंगळच केली. ‘पालुस’ म्हणजे खुंट, त्याचा पोर्तुगीजमध्ये ‘पाउ’ झाला, अर्थ लाकूड, काठी. नाकातून उच्चार करायला विसरलेला परदेशी विद्यार्थी लिस्बनच्या बेकरीत भाकरीऐवजी काठी मागून बसतो. ‘पाउ-ब्राझील’ नावाचं तांबडा रंग देणारं लाकूड ज्या किनाऱ्यावरून जहाजं भरभरून नेलं, त्या देशालाच ब्राझील हे नाव पडलं. तिकडे वेल्श भाषेत ‘पाउ’ म्हणजे देश, लॅटिन ‘पागुस’वरून. आणि कातालान भाषेत ‘पाउ’ म्हणजे शांती, लॅटिन ‘पाक्स’पासून. त्याच भाषेत पॉल या नावाचं रूपही ‘पाउ’. चेलोवादक पाउ कासाल्स यांना जग बराच काळ स्पॅनिश पद्धतीने पाब्लो म्हणत राहिलं. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीला नाकारून त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं परदेशात काढली. 24 ऑक्टोबर 1971 रोजी, वयाच्या 94व्या वर्षी, संयुक्त राष्ट्रसंघात त्यांनी पक्ष्यांच्या गाण्याची कातालान लोकधून वाजवली आणि आपल्याकडचे पक्षी आकाशात शांती, शांती असं गातात, असं सांगितलं. त्यांच्या मायबोलीत त्या शब्दाचा आणि त्यांच्या स्वतःच्या नावाचा उच्चार एकच होता. हे ज्यांना ठाऊक होतं त्यांना त्या क्षणी काय वाटलं असेल!

पॅसिफिकमधला ‘पाउ’ आणखी निराळा. हवाई बेटांवर त्याचा अर्थ संपलं, आणि न्यूझीलंडच्या माओरी भाषेत खर्ची पडलं, उरलं नाही. हवाईत ‘पाउ हाना’ म्हणजे काम संपल्यानंतरची संध्याकाळ. लॅटिनशी नाही, संस्कृतशी नाही, त्या समुद्राचा तो स्वतःचा शब्द.

मराठीतला तिसरा पाव मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो मला सगळ्यांत जवळचा. ‘देवा, पाव रे!’ संस्कृत ‘प्राप्’ म्हणजे पोचणं, मिळणं. प्राकृतात त्याचं ‘पावइ’ झालं, आपल्याकडे ‘पावणे’. देव नवसाला पावतो, म्हणजे आपल्यापर्यंत पोचतो. माणूस मरण पावतो. पैसे पावले की पावती मिळते. एकाच क्रियापदात देव, मरण आणि दुकानाची पावती. एवढा पल्ला फार थोड्या शब्दांना साधतो. ‘राम राम पावणं’ यातला पावणा मात्र या कुळातला नाही. तो पाहुणा, संस्कृत ‘प्राघुण’. पावसातला पावही वेगळा, तो ‘प्रावृष्’. त्या सगळ्यांच्या आरंभी ‘प्र’ होता, प्राकृतात त्यातला ‘र’ झिजला, आणि वेगवेगळ्या गावांहून आलेले शब्द एकाच ओसरीवर टेकले.

कोकणीत ‘पावप’चा पोचण्याचा अर्थ अजून ताजा आहे. घरी पोचलेला माणूस फोनवर ‘हांव पावलों’ म्हणतो. गोव्यात एका पहाटे मी मुक्कामी होतो. अंधार पुरता विरला नव्हता. रस्त्याच्या वळणावर पोदेरच्या सायकलचा रबरी भोंपू वाजला, मागच्या टोपलीवरचं प्लास्टिक वाऱ्याने फडफडत होतं. शेजारच्या घरातून एक लहान मुलगी अनवाणी अंगणात धावली, फाटकाला लटकली आणि आत वळून आईला ओरडून म्हणाली, ‘आई, पाव पावलो!’