हजेरीचे पुढचे पान

कारखान्याच्या गेटवरचे हजेरी यंत्र खाडा कधीच नोंदवत नाही. अंगठा टेकला किंवा चेहरा दाखवला की ते एवढेच लिहून ठेवते: अमुक क्रमांकाचा कामगार, अमुक वेळी, आत किंवा बाहेर. जो आलाच नाही त्याची त्या दिवशी ओळच नसते. ओळ नाही म्हणजे माणूस आला नाही, हा निष्कर्ष पुढे पगारपत्रक करताना काढला जातो. कागदी मस्टरवर प्रत्येक नावापुढे प्रत्येक दिवसाचा चौकोन असायचा आणि तो रिकामा राहिला तर कारकुनाच्या नजरेला टोचायचा. यंत्राच्या यादीत रिकामा चौकोनच नसतो. त्यामुळे हजेरीची एखादी नोंद वाचायची राहिली, तर ती राहिली असे कुणालाच कळत नाही; हिशेबात तिचा सरळ खाडा होतो.

ही यादी वाचण्याचे काम आता एआय एजंटकडे जाऊ लागले आहे. ‘गेल्या महिन्यात कोणाचे दोनपेक्षा जास्त खाडे झाले?’ असे एचआरच्या माणसाने साध्या भाषेत विचारायचे आणि एजंटने उत्तर द्यायचे. एजंटच्या आत असते भाषेचे मॉडेल. ते स्वतः कुठलीच नोंदवही उघडू शकत नाही. त्याला काही साधने दिलेली असतात. ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंतची हजेरी आण’ अशी मागणी ते लिहून देते, एक छोटा प्रोग्रॅम ती मागणी हजेरीच्या एपीआयकडे, म्हणजे सर्व्हरवरची माहिती मागण्याच्या ठरलेल्या खिडकीकडे, नेतो आणि आलेले उत्तर मॉडेलपुढे मजकूर म्हणून ठेवतो. ओपनएआयने जून २०२३ मध्ये आपल्या मॉडेलना अशी साधने जोडण्याची सोय खुली केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ जाहीर केला आणि साधने जोडण्याची एक सामायिक पद्धत मिळाली.

अडचण आकारात आहे. समजा, कारखान्यात १,२०० कामगार आहेत. दिवसाला आत आणि बाहेर अशा दोन नोंदी, महिन्याचे २६ कामाचे दिवस. झाल्या ६२,४०० नोंदी. मॉडेल मजकूर मोजते टोकनमध्ये, म्हणजे शब्दांच्या तुकड्यांमध्ये. एका नोंदीला ५० टोकन धरले तरी ३१ लाखांवर जातात आणि अनेक मॉडेलना एका वेळी दोन लाखांच्या आसपासच टोकन डोळ्यांपुढे ठेवता येतात. एपीआयलाही एवढा ढीग एका दमात द्यायचा नसतोच. सर्व्हरवर ताण येतो, जोडणी मध्येच तुटते. म्हणून बहुतेक एपीआय पानापानाने उत्तर देतात. प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटहबचा एपीआय न सांगता ३० आणि मागितल्या तर १०० नोंदी देतो. पैशांचे व्यवहार सांभाळणाऱ्या स्ट्राइपचा न सांगता १० आणि जास्तीत जास्त १००. पान शंभराचे धरले तर आपल्या कारखान्याच्या एका महिन्याची पाने होतात ६२४.

आता पहिल्याच पानावर काय घडते ते नीट पाहू. नोंदी कामगार क्रमांकाने आणि मग तारखेने लावलेल्या आहेत. महिनाभर नियमित आलेल्या माणसाच्या ५२ ओळी होतात. पहिल्या शंभर ओळींत पहिल्या कामगाराच्या ५२ येतात आणि दुसऱ्याच्या ४८. चार ओळी, म्हणजे त्याचे शेवटचे दोन दिवस, दुसऱ्या पानावर. एजंट पहिल्या पानावर थांबला तर एकही दिवस न चुकवलेल्या या माणसाच्या नावावर दोन खाडे लागतात आणि तिसऱ्यापासून पुढचे ११९८ जण तर हिशेबातूनच गायब होतात. गायब झालेले निदान कुणाच्या तरी लक्षात येतील. ते दोन खाडे मात्र अगदी खरे वाटतात. मला सर्वांत भीती वाटते ती या दुसऱ्या कामगाराची, कारण एकच पान वाचून दिलेले उत्तरही पूर्ण उत्तराइतक्याच सफाईने, तितक्याच ठाम वाक्यात येते.

बरे, सगळी पाने उलटली तरी सुटका नाही. ‘पहिल्या १०० सोडून पुढच्या १०० दे’ ही पाने मागण्याची सोपी रीत, तिला ऑफसेट म्हणतात. यादी स्थिर असेल तर ती चालते. पण हजेरीची यादी हलती असते. सुपरवायझरने पहिल्या पानावरच्या तीन दुबार नोंदी पुसल्या की मागच्या सगळ्या नोंदी तीन घरे वर सरकतात. एजंट मग ‘पहिल्या १०० सोडून’ मागतो, तेव्हा वर सरकलेल्या तीन नोंदी त्या सोडलेल्या शंभरात गेलेल्या असतात. त्या कधीच वाचल्या जात नाहीत. उलट वरच्या बाजूला नव्या नोंदी घुसल्या तर जुन्याच पुन्हा वाचल्या जातात.

यावर तोड म्हणून कर्सर आला. प्रत्येक पानासोबत सर्व्हर एक खूण पाठवतो, पुस्तकात ठेवतो तशी: ‘इथपर्यंत झाले, पुढचे मागताना हीच खूण परत दे.’ मागे काही पुसले गेले तरी वाचन त्याच नोंदीपासून पुढे चालू राहते. मात्र हजेरीत इथेही एक खोच आहे. नेटवर्क गेले की अनेक हजेरी यंत्रे नोंदी स्वतःच्या मेमरीत साठवतात आणि जोडणी आल्यावर एकगठ्ठा पाठवतात. सकाळी सातची नोंद दुपारी दोनला सर्व्हरवर पोहोचते. यादी अंगठा टेकल्याच्या वेळेनुसार लावलेली असेल आणि आपली खूण सातच्या पुढे गेली असेल, तर उशिरा आलेली नोंद खुणेच्या मागे बसते आणि सुटते. म्हणून यादी लावायची ती नोंद सर्व्हरवर पोहोचल्याच्या क्रमाने.

घड्याळाचेही एक प्रकरण आहे. अनेक सर्व्हर जागतिक प्रमाणवेळ पाळतात आणि तिथली तारीख आपल्या पहाटे साडेपाचला बदलते. सहाच्या पाळीसाठी एक तारखेला पाच वीसला गेटवर आलेल्या माणसाची नोंद सर्व्हरच्या लेखी आदल्या महिन्याची असते.

न पोहोचलेल्या नोंदीची किंमत आपल्या देशातल्या मजुरांनी मोजलेली आहे. मनरेगात १ जानेवारी २०२३ पासून, व्यक्तिगत लाभार्थ्यांची कामे वगळता, मोबाइल अ‍ॅपवर दिवसातून दोनदा फोटोसह हजेरी सक्तीची झाली. नेटवर्क नसल्याने फोटो चढला नाही आणि केलेल्या कामाची मजुरी अडकली, अशा तक्रारी अनेक राज्यांतून आल्या. त्यात एआय कुठेच नव्हते. मधल्या एका टप्प्यावर नोंद हरवली, एवढेच कारण पुरले.

म्हणूनच माझे स्पष्ट मत आहे की पाने उलटण्याचे काम मॉडेलवर सोडूच नये. कर्सर ही बऱ्याचदा निरर्थक अक्षरांची लांब माळ असते. मॉडेलने ती शेकडो वेळा जशीच्या तशी उतरवावी अशी अपेक्षा कशाला ठेवायची? साध्या प्रोग्रॅमला ते बिनचूक जमते. सर्व्हरने ‘फार मागण्या झाल्या’ असा ४२९ क्रमांकाचा इशारा दिला तर तो थांबतो, पुन्हा मागतो, शेवटच्या पानापर्यंत जातो आणि दिवसांची बेरीजही करतो. मॉडेलपुढे ६२,४०० ओळी ठेवण्याऐवजी १,२०० बेरजा ठेवाव्यात आणि प्रश्न एकाच कामगाराचा असेल तर त्याच्याच ५२ ओळी मागवाव्यात. एखादे पान मिळाले नाही तर साधनाने अर्धवट बेरीज देऊच नये; ‘६२४ पैकी ६१९ पाने वाचली, हिशेब अपुरा’ असे सांगावे. आणि ‘नोंद मिळाली नाही’ व ‘गैरहजर’ या दोन गोष्टी उत्तरात वेगवेगळ्या रकान्यांत दिसायला हव्यात.

तुमच्या कार्यालयात, कारखान्यात किंवा महाविद्यालयात अशी व्यवस्था येत असेल, तर तिच्या प्रत्येक अहवालावर दोन आकडे छापायला लावा: सर्व्हरवर एकूण नोंदी किती होत्या आणि त्यांतल्या किती वाचल्या. ते दोन्ही जुळेपर्यंत कुणाचाही पगार कापू देऊ नका.