एका पेनड्राइव्हवर अनेक ऑपरेटिंग सिस्टीम
दुकानदार व दुरुस्ती कारागीर दोघांच्याही कामाचे हत्यार

व्यापार लहान असो की मोठा, हिशेबाची वही आता बहुतेक ठिकाणी संगणकात गेली आहे. मालाची आवक-जावक, उधारी, जीएसटीची बिले, कारागिरांची मजुरी, सर्व काही त्या एका पेटीत असते. कागदाची वही भिजली तरी काही पाने वाचता येतात. संगणक मात्र एखाद्या सकाळी सुरूच झाला नाही तर मालकाच्या हाती काहीच उरत नाही. तो धावतपळत दुरुस्तीवाल्याकडे जातो. दुरुस्तीवाला सांगतो, "विंडोज उडाली आहे, फॉरमॅट मारावे लागेल." मालक मान डोलावतो. संध्याकाळी संगणक नव्यासारखा सुरू होतो, पण तीन वर्षांची खाती गेलेली असतात.

असे नुकसान पुष्कळदा टाळता येते. विंडोज बिघडणे आणि माहिती नष्ट होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानाच्या दरवाजाचे कुलूप बिघडले म्हणून आतला माल जात नाही. दुसऱ्या दरवाजाने आत जाता आले पाहिजे एवढेच. संगणकाचा असा दुसरा दरवाजा म्हणजे ज्यावरून तो सुरू करता येतो असा पेनड्राइव्ह होय. आणि एकाच पेनड्राइव्हवर अशा अनेक ऑपरेटिंग सिस्टीम ठेवण्याची सोय आता अगदी सोपी झाली आहे.

हे काम कसे चालते?

संगणकाचे बटण दाबल्यावर तो प्रथम "कोठून सुरू व्हायचे?" हे पाहतो. नेहमी तो आतल्या हार्डडिस्कवरून विंडोज उचलतो. यालाच बूट होणे म्हणतात. परंतु आपण सांगितले तर तो पेनड्राइव्हवरूनही बूट होतो. ऑपरेटिंग सिस्टीम ज्या एका गठ्ठ्याच्या रूपात मिळते त्या फाइलला आयएसओ फाइल म्हणतात.

ही फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून भागत नाही. २०११ पासून उपलब्ध असलेल्या रुफससारख्या प्रोग्रॅमने ती त्यावर विशिष्ट पद्धतीने लिहावी लागते. नेहमीच्या पद्धतीने एका पेनड्राइव्हवर एकच सिस्टीम बसते आणि दुसरी हवी असली की पहिली पुसावी लागते. त्यामुळे दुरुस्ती कारागिराच्या खिशात चार-पाच पेनड्राइव्ह, त्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या, आणि ऐन वेळी नेमका हवा तो घरी, असा प्रकार होत असे.

२०२० साली व्हेन्टॉय नावाचा मोफत आणि मुक्त परवान्याचा प्रोग्रॅम आला आणि ही अडचण दूर झाली. व्हेन्टॉय पेनड्राइव्हचे दोन भाग करतो. फक्त ३२ एमबीच्या लहान भागात बूट करणारी यंत्रणा राहते. उरलेला मोठा भाग आपल्याला मोकळा मिळतो. त्यात आयएसओ फाइली साध्या फाइलीप्रमाणे कॉपी करायच्या. संगणक या पेनड्राइव्हवरून सुरू केला की पडद्यावर त्या सर्व फाइलींची यादी येते. हवी ती निवडून एंटर दाबावे. नको झालेली फाइल नेहमीप्रमाणे पुसून टाकावी. त्याच जागेत बिले, फोटो, प्रिंटरचे ड्रायव्हर ठेवण्यासही हरकत नाही.

तयारी कशी करावी?

पेनड्राइव्ह ३२ जीबीचा चालतो, ६४ जीबीचा असल्यास ऐसपैस जागा मिळते. विंडोजची एक आयएसओ ५ जीबीहून मोठी असते, लिनक्स मिंटची तीन जीबीच्या आसपास. पेनड्राइव्ह विश्वासू दुकानातून बिलावर घ्यावा. बाजारात असाही माल असतो की वर ६४ जीबी लिहिलेले असते आणि आत त्याची चौथाईही नसते. एचटूटेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रॅमने खरी जागा तपासता येते.

त्यानंतरची कृती अशी :

१) पेनड्राइव्हमधील कामाच्या फाइली दुसरीकडे काढून ठेवाव्यात. व्हेन्टॉय बसवताना पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो.

२) व्हेन्टॉय त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच, म्हणजे व्हेन्टॉय डॉट नेटवरून उतरवून घ्यावा. प्रोग्रॅम उघडून पेनड्राइव्ह निवडावा व इन्स्टॉल दाबावे. येथे घाई नको. बाहेरची दुसरी हार्डडिस्क जोडलेली असेल तर ती आधी काढून ठेवावी. चुकून तीच निवडली गेली तर तिच्यावरचे सर्व जाईल. प्रोग्रॅम दोन वेळा विचारतो, दोन्ही वेळा नाव आणि आकार वाचूनच होकार द्यावा.

३) आयएसओ फाइली पेनड्राइव्हवर कॉपी कराव्यात. विंडोजची फाइल मायक्रोसॉफ्टच्या व लिनक्स मिंटची फाइल मिंटच्या संकेतस्थळावरूनच घ्यावी.

४) पुढे व्हेन्टॉयची नवी आवृत्ती आली तर अपडेट दाबावे. त्याने आयएसओ फाइली पुसल्या जात नाहीत.

पेनड्राइव्हवर काय काय असावे? विंडोज ११ बसवण्याची फाइल, लिनक्स मिंट, हार्डडिस्कची हुबेहूब नक्कल काढणारा क्लोनझिला, डिस्कचे भाग लहानमोठे करणारा जीपार्टेड आणि रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+. विंडोज सोडल्यास हे सर्व मोफत व मुक्त आहे. वारंवार बंद पडणाऱ्या संगणकात विंडोजऐवजी रॅमची पट्टीच खराब असते असे अनेकदा आढळते. मेमटेस्ट काही मिनिटांपासून काही तासांत तो दोष दाखवतो आणि विनाकारण फॉरमॅट टळतो.

पेनड्राइव्हवरून सुरू करणे

पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू करताच बूट मेनूची कळ दाबत राहावी. डेल व लेनोव्होमध्ये ती बहुधा एफ१२, एचपीमध्ये एफ९, असुसच्या लॅपटॉपमध्ये एस्केप असते. यादीतून पेनड्राइव्ह निवडला की व्हेन्टॉयचा पडदा येतो.

नव्या संगणकात सिक्युअर बूट नावाचा पहारा असतो. त्यामुळे पहिल्या वेळी निळा पडदा येऊन ओळख पटली नसल्याचे कळवले जाते. तेथे डिस्कवरून चावी नोंदवण्याचा पर्याय निवडून व्हेन्टॉयची चावी एकदा नोंदवावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा. त्या संगणकाला पुन्हा हा खटाटोप लागत नाही.

एक इशारा महत्त्वाचा आहे. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये बिटलॉकरने डिस्क कुलूपबंद केलेली असते. सिक्युअर बूटच्या सेटिंगला हात लावण्यापूर्वी मालकाकडून ४८ आकडी रिकव्हरी की मागून घ्यावी. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन असते. ती नसेल तर खुद्द मालकालाही आपली माहिती उघडता येणार नाही. दुकानदारांनी ही चावी संगणक चांगला असतानाच कागदावर लिहून तिजोरीत ठेवावी.

आधी नक्कल, मग फॉरमॅट

आता मूळ मुद्दा. समजा, एका कापड व्यापाऱ्याचा संगणक जीएसटी विवरणाच्या मुदतीच्या आदल्या दिवशी सुरू होत नाही. कारागिराने व्हेन्टॉयमधून लिनक्स मिंट निवडावे. मिंट हार्डडिस्कवर न बसवता पेनड्राइव्हवरूनच चालते, आतल्या डिस्कवर काहीही लिहिले जात नाही. पडदा आला की फाइलींच्या खिडकीत विंडोजची डिस्क दिसते. ती उघडून कामाचे फोल्डर दुसऱ्या, बाहेरच्या डिस्कवर कॉपी करावेत. कधी कधी विंडोज अर्धवट झोपलेल्या अवस्थेत बंद झालेली असते. तेव्हा डिस्क फक्त वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. आपल्याला कॉपीच काढायची असल्याने तेवढे पुरे.

येथे बहुतेक जण एक चूक करतात. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स कॉपी करून मोकळे होतात. टॅलीची खाती तेथे नसतात. टॅलीच्या स्वतंत्र डेटा फोल्डरमध्ये आकड्यांची नावे असलेली उपफोल्डरे असतात, तीच खरी वही. मालकाला समोर बसवून विचारावे : हिशेब कोणत्या प्रोग्रॅममध्ये, डिझाइन कोठे, बिलांचे फोटो कोठे? कॉपी झाल्यावर दोन-चार फाइली उघडून दाखवाव्यात. मगच फॉरमॅटचा विचार करावा.

डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर मात्र संगणक त्वरित बंद करावा. तो यंत्राचा दोष असतो. प्रत्येक नव्या प्रयत्नाने नुकसान वाढते. असे काम डेटा काढणाऱ्या जाणकाराकडेच द्यावे.

जुन्या संगणकांचे काय?

विंडोज १० ची मोफत सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. ठरावीक मुदतीच्या जादा सुरक्षा योजनेत नाव नोंदवणारेच यातून वगळले गेले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, ४ जीबी रॅम आणि मान्य यादीतील प्रोसेसर लागतो. इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक संगणक या यादीत बसत नाहीत. असे चालते संगणक भंगारात काढण्याची गरज नाही. अनेक सिस्टीमच्या पेनड्राइव्हचा येथे दुसरा उपयोग होतो : लिनक्स मिंट न बसवता दोन-चार दिवस चालवून पाहता येते. प्रिंटर चालतो का, जीएसटीचे संकेतस्थळ उघडते का, लिब्रेऑफिसमध्ये एक्सेलचे तक्ते नीट दिसतात का, हे सर्व एक पैसाही न घालता कळते.

पण आंधळेपणाने बदल करू नये. टॅली विंडोजसाठी बनलेली आहे. छापखान्यातील जुने मराठी फॉन्ट व पेजमेकरच्या फाइलीही विंडोजवरच अवलंबून असतात. डिजिटल सहीचे टोकन लिनक्सवर चालते की नाही, हे आधीच तपासावे. ज्या काउंटरवर फक्त ब्राउझर, व्हॉट्सअ‍ॅप आणि साधी बिले असतात तेथे मिंट उत्तम चालते. हिशेबाच्या टेबलावर विंडोजच राहू द्यावी.

परवान्याची बाब

दुरुस्तीच्या धंद्यात चोरीची विंडोज आणि कुलूप तोडलेले हिशेबाचे प्रोग्रॅम टाकून देण्याची सवय पडली आहे. ग्राहकही स्वस्तात पडते म्हणून तेच मागतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-ब नुसार चोरीचा प्रोग्रॅम जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. म्हणजे अडकतो तो दुकानदारही. शिवाय अनोळखी ठिकाणाहून आणलेल्या अशा फाइलींबरोबर व्हायरस येतो आणि ज्या खात्यांना वाचवायचे तीच धोक्यात येतात. ज्याच्याकडे विंडोजचा परवाना आहे त्याला मूळ फाइलीवरूनच विंडोज बसवून द्यावी; ज्याला परवडत नाही त्याला मिंट दाखवावे. कारागिराची मजुरी त्याच्या हुन्नराची असते, चोरीच्या मालाची नव्हे.

शेवटी एवढेच सांगायचे की, दुकानदाराने एक पेनड्राइव्ह तयार करवून घेऊन गल्ल्यात ठेवावा, आणि त्याबरोबर आठवड्यातून एकदा खात्यांची नक्कल बाहेरच्या डिस्कवर काढावी. दुरुस्तीच्या धंद्यातील उस्तादांनी आपल्या शागिर्दांना फॉरमॅट मारण्याआधी नक्कल काढण्याची सवय लावावी. ग्राहक संगणक टेबलावर ठेवून जातो तेव्हा तो आपला संपूर्ण धंदा आपल्या हवाली करून जात असतो. ती अमानत आहे, आणि ती जशीच्या तशी परत करणाऱ्या कारागिराकडे गिऱ्हाईक पुन्हा येते.