सेनापती आणि संरक्षणमंत्री

पुणेकरांना लष्कर नवे नाही. दक्षिण विभागाचे मुख्यालय आपल्या कॅम्पात आहे आणि खडकवासल्याला १९५५ पासून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी चालू आहे. तरीही एक साधा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. ज्या माणसाने पस्तीस वर्षे सैन्यात काढली, लढाया पाहिल्या, त्यालाच संरक्षणमंत्री का करू नये? स्वतंत्र भारतात आजवर एकही निवृत्त सेनापती संरक्षणमंत्री झालेला नाही. २००१ साली काही महिने हे खाते सांभाळणारे जसवंतसिंग पूर्वी मेजर होते. पण तरुणपणीच राजीनामा देऊन ते राजकारणात उतरले होते. महाराष्ट्राचे यशवंतराव चव्हाण व शरद पवार आणि गोव्याचे मनोहर पर्रीकर यांपैकी कोणाच्याही अंगावर कधी गणवेश चढला नव्हता.

साम्यवादी देशांत नेमकी उलट रीत होती. तेथे संरक्षणमंत्री म्हणजे बहुधा मार्शल. रशियात १९७६ साली दिमित्री उस्तीनोव्ह हे शस्त्रकारखान्यांच्या कारभारात मुरलेले गृहस्थ मंत्री झाले, तेव्हा त्यांनाही मार्शल हा हुद्दा बहाल करण्यात आला! या दोन रीतींतला फरक समजून घेण्यासाठी दोन सेनापतींची चरित्रे शेजारी ठेवून पाहू. एक चीनचा, दुसरा आपल्या कोल्हापूरकडचा.

दोन सेनापती

पेंग तेहुआई यांचा जन्म १८९८ साली हूनान प्रांतातील गरीब शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणी त्यांनी कोळशाच्या खाणीत काम केले. पोटासाठी सैन्यात शिरलेला हा मुलगा १९२८ मध्ये साम्यवादी पक्षात आला आणि पुढे माओंच्या आघाडीच्या सेनापतींपैकी एक झाला. १९५० मध्ये कोरियात अमेरिकेविरुद्ध लढणाऱ्या चिनी फौजांचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. १९५४ मध्ये ते संरक्षणमंत्री झाले आणि १९५५ मध्ये मार्शल.

शंकरराव पांडुरंगराव पाटील थोरात यांचा जन्म १९०६ सालचा, कोल्हापूरजवळच्या वडगावचा. इंग्लंडमधील सँडहर्स्ट येथे शिक्षण घेऊन ते अधिकारी झाले. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील कांगॉच्या लढाईत तीन भारतीय पलटणींचे नेतृत्व तीन भारतीय अधिकाऱ्यांकडे होते. थिमय्या आणि सेन यांच्याबरोबरचे तिसरे म्हणजे थोरात. तिघांनाही डी. एस. ओ. हे शौर्यपदक मिळाले.

योगायोग असा की थोरातांनाही कोरियाला जावे लागले, पण लढायला नव्हे. १९५३ मध्ये युद्धबंदी झाल्यावर मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक चिनी व कोरियन कैद्यांची राखण भारतीय फौजेवर सोपविण्यात आली आणि तिचे प्रमुख थोरात होते. एकदा कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्यालाच पकडून ठेवले. तेव्हा थोरात स्वतः काटेरी कुंपणाच्या आत गेले, खवळलेल्या जमावाशी बोलले आणि एकही गोळी न झाडता त्या अधिकाऱ्याला सोडवून घेऊन आले. शस्त्र हाती असूनही ते न वापरण्याचे बळ म्हणजे काय, ते या प्रसंगावरून कळते.

१९५९ चे दोन इशारे

१९५९ साली या दोघांनीही आपापल्या वरिष्ठांना न आवडणारे सत्य सांगितले.

चीनमध्ये तेव्हा ‘मोठी झेप’ चालू होती. घरातली भांडी वितळवून लोखंड काढले जात होते, पिके शेतात कुजत होती आणि कागदावर मात्र विक्रमी उत्पन्न दिसत होते. पेंग आपल्या मुलखात फिरून आले होते. जुलै १९५९ मध्ये लुशान येथील बैठकीच्या वेळी त्यांनी माओंना खाजगी पत्र लिहून या चुका दाखविल्या. माओंनी ते पत्र सर्वांना वाटले आणि पेंग यांना पक्षद्रोही ठरविले. सप्टेंबरात त्यांचे मंत्रिपद गेले व त्या जागी मार्शल लिन पिआओ आले. झेप चालूच राहिली आणि दुष्काळात कोट्यवधी माणसे मेली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये थोरातांनी, पूर्व विभागाचे प्रमुख या नात्याने, ईशान्य सरहद्दीच्या म्हणजेच ‘नेफा’च्या संरक्षणाचे टिपण तयार केले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: मॅकमहोन रेषेपर्यंत आपले रस्ते पोहोचत नाहीत, तेव्हा खरी लढाईची फळी तेथे मांडू नये. ती मागे, आपला दारूगोळा व शिधा जेथवर नीट पोहोचतो अशा बोमडिलासारख्या जागी असावी. शत्रू खाली उतरत आला की त्याचीच रसद लांबेल आणि मग त्याला गाठावे. मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किला’ या नावाचा युद्धसराव घेऊन त्यांनी हे धोके पुन्हा मांडले.

संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी ते मनावर घेतले नाही. टिपण पंतप्रधान नेहरूंपर्यंत पोहोचलेच नव्हते, असे थोरातांनी पुढे आत्मचरित्रात नमूद केले आहे. सरसेनापती थिमय्या १९६१ मध्ये निवृत्त झाले. त्यांची शिफारस थोरातांसाठी होती, पण निवड झाली सेवाज्येष्ठ जनरल थापर यांची. थोरातही निवृत्त झाले. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने हल्ला केला आणि महिन्याभरात बोमडिला पडले.

यशवंतराव

येथपर्यंत दोन्ही गोष्टी सारख्याच वाटतात: जाणकाराने सांगितले, सत्तेने ऐकले नाही, जनतेने भोगले. फरक आहे तो यापुढे.

आपल्याकडे संसद गप्प बसली नाही. काँग्रेसच्याच खासदारांनी आग्रह धरला आणि मेनन यांना नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळ सोडावे लागले. त्यांच्या जागी नेहरूंनी सेनापती आणला नाही. आणले ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य तेव्हापासून घरोघर झाले. देवराष्ट्रे गावचा, लहानपणीच वडील गमावलेला, कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून बी. ए. आणि पुण्याच्या विधी महाविद्यालयातून एल्‌एल्‌. बी. झालेला हा माणूस. सैन्याशी त्याचा संबंध नव्हता. बेचाळीसच्या लढ्यात भूमिगत राहणे आणि तुरुंग हाच त्याचा अनुभव.

त्यांनी केले काय? तिन्ही दलांचे प्रमुख व सचिव यांच्याशी ते नियमित बैठका घेऊ लागले. लष्करी कामात लुडबूड करायची नाही, पण विचारल्यावाचून राहायचे नाही, अशी त्यांची पद्धत होती. २ सप्टेंबर १९६३ रोजी त्यांनी लोकसभेत पराभवाच्या चौकशीचे निष्कर्ष मांडताना प्रशिक्षण, साधने आणि नेतृत्व यांतील उणिवा मान्य केल्या. १९६४ च्या पंचवार्षिक संरक्षण योजनेत सव्वाआठ लाखांचे सैन्य आणि ४५ स्क्वाड्रनचे हवाई दल ही उद्दिष्टे ठरली. थोरातांनाही सरकारने राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर बोलावले. सल्ला उशिरा का होईना, मागितला गेला.

या पद्धतीची परीक्षा १ सप्टेंबर १९६५ रोजी झाली. छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले. सरसेनापती चौधरी आणि हवाई दलाचे प्रमुख अर्जनसिंग दुपारी यशवंतरावांकडे आले आणि विमाने वापरण्याची परवानगी मागितली. यशवंतरावांनी ती काही मिनिटांत दिली आणि त्याच संध्याकाळी विमाने उडाली. काय हवे ते सेनापतींनी सांगितले, निर्णयाची जबाबदारी मंत्र्याने आपल्या शिरावर घेतली. निर्णय चुकला असता तर जाब द्यायला संसदेत मंत्र्यालाच उभे राहावे लागले असते, सेनापतींना नव्हे.

मंत्री गणवेशात का नसावा?

इंग्रजी अमदानीत सरसेनापती व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा सभासद असे. म्हणजे तलवार आणि खाते एकाच हाती. १९४६ च्या हंगामी सरकारात हे खाते बलदेवसिंगांकडे गेले आणि ही गाठ सुटली. सरसेनापतीचा दिल्लीतील प्रशस्त बंगला पुढे नेहरूंचे निवासस्थान झाला, तोच तीन मूर्ती भवन. घटनेने सर्वोच्च सेनापतित्व राष्ट्रपतींकडे दिले आणि तेही कायद्याच्या चौकटीत.

या व्यवस्थेने लोकशाहीचे रक्षण होते, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. पण तिने खरे बोलणाऱ्या सेनापतीचेही रक्षण होते, हे पेंग आणि थोरात यांची अखेर पाहिली म्हणजे पटते. पेंग स्वतः मंत्री होते, मार्शल होते; पण त्यांचे मंत्रिपद जनतेने दिलेले नव्हते. एका माणसाची मर्जी फिरली आणि सगळे संपले. १९६६ मध्ये त्यांना पकडण्यात आले, रेड गार्डांनी त्यांना मारहाण केली आणि १९७४ मध्ये कैदेतच त्यांचा अंत झाला. १९७८ मध्ये, म्हणजे मरणानंतर, त्यांना निर्दोष ठरविण्यात आले. लिन पिआओ १९७१ मध्येच विमान कोसळून मेले होते.

थोरातांना सरसेनापतिपद मिळाले नाही, एवढाच त्यांचा तोटा. पुढे ते महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले, आपली बाजू त्यांनी पुस्तकात निर्भयपणे लिहिली आणि १९९२ मध्ये सन्मानाने जगाचा निरोप घेतला.

म्हणून काही आपण पाठ थोपटून घ्यायला नको. १९६२ च्या चौकशीचा मूळ अहवाल सरकारने अजूनही प्रसिद्ध केलेला नाही. मेनन हेही गणवेश नसलेले मंत्री होते आणि त्यांनीच इशारा बाजूला सारला. तेव्हा मंत्री मुलकी असला म्हणजे झाले, असे नव्हे. त्याला ऐकण्याची सवय पाहिजे आणि त्याला जाब विचारणारे सभागृहही पाहिजे. सेनापतीला सत्तेपासून दूर ठेवायचे असते, सत्यापासून नव्हे. यशवंतरावांना हा फरक कळला होता. उद्या मतदार म्हणून जाब विचारण्याचे काम आपल्याकडे येणार आहे. आपल्यालाही तो कळला पाहिजे.