काळा, गुणगुणणारा आणि बदनाम

कुंभकोणमहून पूर्वेला समुद्र गाठला की तरंगंबाडी लागते. १६२० ते १८४५ या काळात इथे डेन्मार्कच्या लोकांची वखार होती. ते तिला ट्रँक्वेबार म्हणत. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने १८०४ मध्ये एका सुतार भुंग्याला याच गावाचं नाव दिलं: झायलोकोपा ट्रँक्वेबारिका. शास्त्राशी ओळख इतकी जुनी, तरी सुतार भुंग्यांबद्दलचे गैरसमज काही हटत नाहीत.

सुतार भुंगा म्हणजे भुंगेरा नव्हे. तो मधमाशीचा भाऊबंद. भुंगेऱ्याचे पुढचे पंख टणक, ढालीसारखे असतात. याचे चारही पंख पातळ, आणि बऱ्याच जातींत उन्हात निळी-जांभळी झाक मारणारे. फोटो काढून त्याला 'बंबलबी' म्हणणारेही पुष्कळ. पण बंबलबी थंड डोंगराळ मुलुखातली. कावेरीच्या सपाटीवर ती शोधू नये. तिचं पोट केसाळ, सुतार भुंग्याचं मात्र वरून जवळजवळ तुळतुळीत.

तो लाकूड खातो, हेही खोटं. मादी वाळलेल्या लाकडात किंवा बांबूत बोगदा कोरते, भुशाच्या भिंतींनी त्यात खोल्या पाडते आणि प्रत्येक खोलीत परागाच्या गोळ्यावर एक अंडं घालते. पोळं नाही, कामकरी माश्यांची फौज नाही.

तोंडासमोर घोंघावत राहणाऱ्या भुंग्याला माणसं सर्वांत जास्त घाबरतात. तो बहुधा नर असतो आणि नराला नांगीच नसते! मादी डंख मारू शकते, पण हातात पकडल्याशिवाय सहसा मारत नाही. नराच्या मिशीला १३ पेरं, मादीच्या १२. काही जातींत नर पिवळसर आणि मादी काळी, त्यामुळे एकाच जातीचे दोन भुंगे वेगवेगळे वाटतात.

मधमाश्या दिवसाच उडतात, या समजाला तर तरंगंबाडीच्या नावाच्या भुंग्यानेच छेद दिला. भीमाशंकरच्या जंगलात अभ्यासकांना तो अमावस्येच्या काळोखातही उडताना आढळला. ते संशोधन २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच्या डोक्यावरचे तीन साधे डोळे चांगले मोठे असतात.

एकट्याने राहणाऱ्या सगळ्याच माश्या अशा धिप्पाड नसतात. पानं कापणारी माशी पराग पायांवर नव्हे, पोटाखालच्या केसांत वाहते. निळ्या पट्ट्यांची माशी पट्ट्यांवरूनच कळते. वांग्याच्या फुलाचे परागकोश टोकाच्या छिद्रांतूनच पराग सोडतात. ही माशी आणि सुतार भुंगा अंग थरथरवून ते झाडून घेतात; पोळ्यातल्या मधमाशीला ते जमत नाही.

तेव्हा खांबाला भोक दिसलं म्हणून त्यात रॉकेल ओतू नका. भोक रिकामं असल्याची खात्री करून बुजवा आणि लाकडाला रंग द्या. रंगवलेलं लाकूड सुतार भुंगा सहसा टाळतो.