शिडाचं जहाज जोडताना...

ताईंनो, विक्रीसाठी शिडाच्या लाकडी जहाजाचा संच जोडायला घेतलात, तर आधी सुटे भाग यादीशी ताडून घ्या. मधला कणा सपाट पाटावर ठेवून सरळ आहे ना बघा. त्यावर फासळ्या काटकोनात बसवा, माशाच्या काट्यासारखा सांगाडा होतो.

बाहेरच्या बारीक पट्ट्या कोमट पाण्यात 15-20 मिनिटं भिजवल्या की न मोडता वाकतात. वाकवून वाळू द्या, मग फेविकॉलने चिकटवा. एक डावीकडे, लगेच एक उजवीकडे. आधी एकच बाजू पूर्ण केली तर कणा पिळतो, जहाज वाकडं होतं आणि संचाचे पैसे बुडतात.

शेवटी पॉलिश पेपरने घासून डोलकाठ्या, शिडं, दोऱ्या लावा.

किंमत ठरवताना आपले तासही धरा, ती मजुरीच आहे!