कोंबडीचे पंख छाटणे : उपयोग आणि परिणाम

पाळीव कोंबडीला उडता येत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु तो सर्वस्वी खरा नाही. गावठी कोंबडीचा पूर्वज असलेला तांबडा रानकोंबडा छत्तीसगढच्या सालवनांत आजही आढळतो. दिवसभर तो जमीन उकरून खातो. मात्र संकट येताच फडफडाट करीत उसळतो आणि रात्र झाडावर काढतो. त्याच्या छातीच्या स्नायूंची घडण क्षणभर मोठा जोर लावण्यासाठी आहे, दूरवर उडत जाण्यासाठी नव्हे. हजारो वर्षे माणसाच्या सहवासात काढूनही हलक्या बांध्याच्या गावठी कोंबडीने हे कसब गमावलेले नाही.

कोंबडी आणि परसबाग यांच्यातील तंट्याचे मूळ याच कसबात आहे. रायपूरच्या उत्तरेस, बिलासपूरकडे जाणाऱ्या महामार्गालगत असलेले सिलतरा आज लोखंड-पोलादाच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. तथापि छत्तीसगढच्या या मैदानी मुलखात घर, अंगण आणि घराला लागून भाजीपाल्याची ‘बारी’ ही रचना रूढ आहे. अशा घरची ‘कुकरी’, म्हणजे कोंबडी, कुंपणापलीकडे गेली की एक तर वाफ्यातील रोपे उकरली जातात, नाहीतर ती वाहत्या रस्त्यावर सापडते. मग मालकाचा हात कात्रीकडे वळतो.

‘पंख छाटणे’ हा शब्दप्रयोग भयंकर वाटला, तरी छाटायची असतात ती केवळ पिसे. पंखाच्या टोकाकडे साधारणतः 10 लांब, ताठ पिसे असतात. त्यांना प्राथमिक उड्डाणपिसे म्हणतात. पंख मिटला की ती आतल्या बाजूच्या पिसांखाली झाकली जातात; त्यामुळे छाटलेली कोंबडी वरकरणी पूर्वीसारखीच दिसते. बहुधा एकाच पंखाची पिसे छाटतात. त्यामुळे दोन्ही बाजूंचा तोल बिघडतो व उडू पाहणारा पक्षी एका अंगाला कलंडतो. दोन्ही पंख छाटले, तर तोल राहतो आणि हलकी कोंबडी बुटके कुंपण तरीही ओलांडू शकते.

पूर्ण वाढलेले पीस नखाप्रमाणे निर्जीव असते. ते कापताना वेदना होत नाही. परंतु नव्याने फुटणाऱ्या पिसाच्या देठात रक्त खेळत असते आणि तो देठ गडद दिसतो. असे पीस कापल्यास रक्तस्राव होतो. म्हणून पंख उजेडात पसरून प्रत्येक देठ पाहणे आवश्यक असते. पिसे उपटणे तर सर्वथा वर्ज्य होय. त्याने वेदना होतात आणि उपटलेल्या जागी काही आठवड्यांतच नवे पीस येऊ लागते. याउलट, छाटलेल्या पिसाचा खुंट पुढील पिसेझडीपर्यंत टिकतो. प्रौढ कोंबडीची पिसे साधारणतः वर्षातून एकदा झडतात. त्यानंतर छाटणी पुन्हा करावी लागते. वाढत्या तलंगांची पिसे वारंवार बदलत असल्याने त्यांची छाटणी बहुधा व्यर्थ जाते.

खरा प्रश्न वेदनेचा नसून परिणामांचा आहे. कुत्रा, मुंगूस किंवा रानमांजर चालून आले असता झाडाची फांदी अथवा छप्पर गाठणे हाच कोंबडीचा बचाव असतो. छाटणीने नेमका तोच हिरावला जातो. उंच दांडीवरून उतरतानाही पंखांचा आधार कमी पडतो आणि छातीच्या हाडाला इजा होण्याचा धोका वाढतो. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठात झालेल्या अभ्यासातही उड्डाणपिसे छाटलेल्या कोंबड्या उंच जागांचा वापर कमी करतात, असे दिसून आले. ज्या कुटुंबाला अडीअडचणीला कोंबडी विकून रोख पैसा उभा करावा लागतो, त्याच्या दृष्टीने चार वाफ्यांच्या रक्षणापायी ती कोंबडीच गमावणे हा महाग सौदा ठरतो.

म्हणून कात्री हा पहिला नव्हे, तर शेवटचा उपाय मानावा. कोंबडी बहुधा आधी कुंपणाच्या माथ्यावर बसते आणि मग पलीकडे उडी घेते. माथ्यावर रुंद फळी नसेल, तर तिला पाय टेकायला जागाच मिळत नाही. रोपे लहान असेपर्यंत कोंबडीला कोंडण्याऐवजी वाफ्यावर जाळी घालणे सोयीचे असते. हैदराबाद येथे परसातील पालनासाठी विकसित झालेल्या वनराजासारख्या जड कोंबड्यांना छाटणीची गरज क्वचितच भासते.

छाटणी करावीच लागली, तर तिच्यासोबत येणारी जबाबदारीही स्वीकारली पाहिजे. बसण्याची दांडी खाली आणावी, अंगण कुत्र्यामांजरांपासून बंदिस्त असावे आणि दिवेलागणीपूर्वी प्रत्येक कोंबडी मोजून खुराड्यात घ्यावी. पिसे कापल्याने कोंबडीपुढचे संकट टळत नाही. तिची स्वतःहून निसटण्याची शक्ती तेवढी कमी होते. ती उणीव भरून काढणे हे पाळणाऱ्याचे काम होय.